गुडघा टेकला असता तर मॅच संपली होती: मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक, शेवटचे 33 सेकंद

7 ऑक्टोबर 2023, शनिवारची रात्र, मायामी गार्डन्समधलं हार्ड रॉक स्टेडियम, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच. मायामी युनिव्हर्सिटीची टीम सीझनमधल्या चारही मॅच जिंकून आलेली, देशात 17 व्या नंबरवर. समोर अटलांटाची जॉर्जिया टेक युनिव्हर्सिटी, 2 जिंकलेल्या 3 हरलेल्या, आणि आदल्याच आठवड्यात स्वतःच्या घरी बोलिंग ग्रीनसारख्या टीमकडून 38-27 असा मार खाऊन आलेली. स्कोअर मायामी 20, टेक 17. घड्याळात 33 सेकंद. बॉल मायामीकडे, टेकच्या 30 यार्ड लाइनवर म्हणजे टेकच्या शेवटच्या रेषेपासून 30 यार्डांवर, तिसरा डाऊन आणि दहा यार्ड बाकी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेककडे एकही टाइमआऊट शिल्लक नाही.

आता इथे काय करायचं? एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकच आहे, त्यात दुसरं मत असूच शकत नाही असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, पण ते उत्तर का एकच आहे आणि तरीही एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या, कॉलेज फुटबॉलमध्ये आयुष्य घालवलेल्या कोचकडून ते का सुटलं हे नीट बघण्यासारखं आहे, म्हणून एवढं लांबण लावतोय.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी घड्याळाची भानगड सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पंधरा पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात, आणि त्यात जी खेळी होते तो प्ले. बॉल घेऊन पळणारा मैदानाच्या आतच पडला तर घड्याळ चालूच राहतं. पास खाली पडला तर घड्याळ थांबतं. हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत पळणारा रेषेबाहेर गेला तर पुढचा प्ले सुरू होईपर्यंत घड्याळ हलत नाही. आणि प्रत्येक हाफला टीमला तीन टाइमआऊट, ते घेतले की घड्याळ थांबतं. याशिवाय दुसरं एक घड्याळ असतं, प्ले क्लॉक, ते 40 सेकंदांचं. एक प्ले संपला की ते सुरू होतं आणि ते संपायच्या आत पुढचा प्ले सुरू करायचा, म्हणजे बॉल स्नॅप करायचा. म्हणजे काय, तर आघाडीवर असलेली टीम ठरवून प्रत्येक प्लेमागे जवळपास 40 सेकंद खाऊ शकते, आणि समोरच्याकडे टाइमआऊट नसेल तर तो नुसता बघत बसतो.

कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन गुणांची आघाडी आहे, शेवटची चढाई तुमची आहे आणि घड्याळात 25 सेकंद आहेत, तर तुमचा चढाईपटू काय करतो? निदानरेषा ओलांडतो, कोपऱ्यात कोपऱ्यात फिरतो, कुणाच्या हाताला लागणार नाही असा वेळ काढतो आणि परत येतो. तिथे बोनस घ्यायला जाऊन कुणी पाय पुढे टाकला आणि पकड झाली तर मॅचनंतर त्याचं काय होईल हे सांगायला नको.

फुटबॉलमध्ये याचीच सोपी आवृत्ती म्हणजे गुडघा टेकणं. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक प्ले चालवणारा खेळाडू, बॉल हातात घेतो आणि खाली गुडघा टेकवतो, प्ले संपला. कॉलेजच्या नियमात तर बॉल धरलेल्या माणसाचा गुडघा जमिनीला टेकला की तो डाऊन, कुणी हात लावलेला असायचीही गरज नाही. त्यासाठी एक खास रचनाच असते, व्हिक्टरी फॉर्मेशन. क्वार्टरबॅक बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी मागे उभा, दोन बाजूंना दोन खेळाडू चिकटून, स्नॅप हातातून सुटला तर झडप घालायला, आणि एक जण पार मागे लांब उभा, म्हणजे अगदीच काही आक्रीत घडलं आणि समोरच्याने बॉल उचलून पळ काढला तर त्याला आडवं करायला. बॉल हवेत जात नाही, दुसऱ्याच्या हातात जात नाही, गर्दीत जात नाही.

आता हिशोब. हा हिशोब कागदावर करून बघा, दोन ओळी आहेत. घड्याळात 33. गुडघा टेकायला दोनेक सेकंद जातात. उरले 31. प्ले क्लॉक 40 चं. 31 हे 40 पेक्षा कमी. म्हणजे मायामीला पुढचा स्नॅप करायचीच गरज नाही. घड्याळ शून्यावर जाईपर्यंत सगळे उभे राहिले, हात मिळवले, संपली मॅच. चौथा डाऊन नाही, पंट (लाथेने बॉल समोरच्याकडे लांब धाडणं) नाही, फील्ड गोल (खांबांमधून किक मारून 3 पॉइंट) नाही, काही नाही. एकदा गुडघा टेकायचा होता, एकदाच.

आणि यात टेकला शिरकाव करायला फट पण नव्हती. कुणी म्हणेल की टेकचा एखादा खेळाडू लंगडत खाली बसला असता तर घड्याळ थांबलं असतं. नाही. शेवटच्या मिनिटात दुखापतीमुळे किंवा तसल्या फाऊलमुळे चालू घड्याळ थांबलं तर समोरच्या टीमला 10 सेकंद कापून घ्यायचा पर्याय मिळतो, आणि ते कापणं टाळायचं असेल तर स्वतःचा टाइमआऊट खर्च करावा लागतो, जो टेककडे नव्हताच. नियम करणाऱ्यांनी हे दार आधीच लावून टाकलेलं आहे.

मायामीने गुडघा टेकला नाही. बॉल रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या, डॉन चेनी ज्युनियरच्या हातात दिला, तो गर्दीतून आत घुसला, चारेक यार्ड पुढे गेला आणि खाली पडता पडता बॉल निसटला. टेकच्या पोरांनी 26 यार्ड लाइनवर तो दाबला. रेफरींनी रिप्ले बघितला, बॉल सुटायच्या आधी तो खाली टेकला होता का यावर तेव्हाही वाद झाला आणि अजूनही मायामीचे लोक ते फ्रेम थांबवून थांबवून दाखवतात, पण मैदानावरचा निर्णय कायम राहिला. फंबल. बॉल टेकचा. 26 सेकंद बाकी.

त्या रिप्लेवर मी वेळ घालवणार नाही. तो निर्णय बरोबर असो की चूक असो, तो प्रश्न मुळात उभाच राहायला नको होता. रेफरीच्या डोळ्यावर आणि कॅमेऱ्याच्या कोनावर मॅच सोपवायची वेळ का आली, विषय तो आहे.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते. लोक म्हणतात की कोचने रिस्क घेतली. रिस्क हा शब्द इथे लागूच होत नाही. रिस्क म्हणजे काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी पणाला लावणं. इथे मिळणार काय होतं? धरून चालू की चेनीने बॉल घट्ट धरला आणि चार यार्डांवर पडला. काय झालं असतं? घड्याळ चालू राहिलं असतं आणि मॅच संपली असती, म्हणजे गुडघा टेकून जे झालं असतं तेच. धरून चालू की त्याने दहा यार्ड काढले आणि फर्स्ट डाऊन मिळवला. त्याचा उपयोग काय? अजून चार डाऊन मिळाले, पण ते वापरायला वेळच नाही आणि गरजही नाही. उलट कॉलेजच्या नियमात शेवटच्या दोन मिनिटांत फर्स्ट डाऊन झाला की अंतर मोजायची साखळी नव्या जागी लावेपर्यंत घड्याळ क्षणभर थांबतं, म्हणजे स्वतःच्याच पायाने घड्याळ अडवलं असतं. आणि समजा तो सुटला आणि 30 यार्ड पळून थेट टचडाउन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन 6 पॉइंट घेतले. वा. आता स्कोअर मोठा झाला, पण घड्याळ थांबलं, आणि तुम्हाला टेकला किकऑफ करून बॉल परत द्यावा लागतो. मॅच हातातच राहिली असती हे खरं, पण जी मॅच दोन सेकंदांत संपत होती ती चालू ठेवायची आणि किकऑफसाठी पुन्हा सगळ्यांना मैदानात उतरवायचं, ते कशासाठी?

म्हणजे बघा, रनचा, म्हणजे बॉल घेऊन पळण्याचा, सगळ्यात चांगला निकाल हा गुडघ्याच्या निकालापेक्षा चांगला नाही, फार तर तेवढाच, आणि सगळ्यात वाईट निकाल म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. फंबल होण्याची शक्यता कमी असते हे सगळ्यांना मान्य आहे, चांगला रनिंग बॅक महिनोन्महिने बॉल सोडत नाही, पण कमी शक्यता ही कशाच्या तुलनेत कमी ते बघायला पाहिजे. ज्या बदल्यात शून्य मिळतंय त्यासाठी छोटीशी शक्यताही महागच पडते. शिवाय समोरची टीम अशा वेळी टॅकल करायला येतच नाही, बॉल ओढायला येते, कारण त्यांच्याकडे दुसरा मार्गच नसतो. अकराच्या अकरा जण बॉलवर हात मारत असतात. नेहमीच्या रनमध्ये आणि या रनमध्ये एवढा फरक आहे.

बरं, फंबल झाला तरी मॅच गेली नव्हती. हे विसरलं जातं. 26 सेकंद, समोरच्या टोकापर्यंत 74 यार्ड, टेककडे शून्य टाइमआऊट. बरोबरीसाठी त्यांना फील्ड गोल पुरला असता म्हणजे साधारण चाळीस यार्ड तरी काढायला लागणार होते. मायामीच्या डिफेन्सला फक्त दोन गोष्टी जपायच्या होत्या, एक म्हणजे रेषेबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि दुसरी म्हणजे कुणालाही आपल्या पाठीमागे जाऊ द्यायचं नाही. मधे दहा यार्डांचा पास दिला तर देऊन टाकायचा, मैदानात आडवं करायचं आणि घड्याळ पळू द्यायचं.

टेकचा क्वार्टरबॅक हेन्स किंग. चार प्लेमध्ये 74 यार्ड. पहिल्या 30 यार्डांत टेक मायामीच्या हाफमध्ये आली, 44 यार्ड लाइनवर. इथे कॉलेजचा तो नियम टेकच्या कामी येणारा आहे, फर्स्ट डाऊन झाला की घड्याळ क्षणभर थांबतं, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हे होत नाही, तिथे मैदानात पडलात तर धावत पळत लाइनवर यायचं आणि घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटायचा, त्यात दहा बारा सेकंद सहज जातात. योगायोग असा की त्याच वर्षी, म्हणजे 2023 च्या सीझनपासून, कॉलेजनेही फर्स्ट डाऊनला घड्याळ थांबवणं बंद केलं होतं, मॅच लवकर संपाव्यात म्हणून, पण हाफची शेवटची दोन मिनिटं त्यातून वगळली होती. आणि शेवटी 44 यार्डांचा पास, ख्रिश्चन लिअरी, मायामीच्या सगळ्या डिफेन्सच्या पाठीमागे मोकळा. टचडाउन. घड्याळात 1 सेकंद. 23-20.

तो शेवटचा पास बघताना मला खरंच कळत नाही की सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारे खेळाडू, कुठे होते. एक सेकंद राहिला होता म्हणजे तो प्ले सुरू झाला तेव्हा जेमतेम सात आठ सेकंद असतील, आणि तेव्हा जगात एकच गोष्ट करायची नसते, ती म्हणजे माणूस मागे सोडणं. त्याला पुढे पकडू दे, वीस यार्ड घेऊ दे, मग फार तर फील्ड गोल होईल आणि ओव्हरटाइम खेळू. पण माझं मत असं आहे की या दोन चुका वेगवेगळ्या नाहीत. जी साइडलाइन मनाने जिंकून बसलेली असते तिच्या डिफेन्सला अचानक मैदानात जायला लागतं, काही जणांनी हेल्मेट काढलेलं असतं, डोक्यात मॅच संपलेली असते, आणि मग पाच सेकंदांत पुन्हा तोच ताण आणायचा हे विशीतल्या पोरांना सोपं नाही. पहिली चूक दुसरीला बोलावून आणते.

मॅचनंतर हेड कोच मारिओ क्रिस्टोबाल यांनी चूक स्वतःवर घेतली, गुडघा टेकायला पाहिजे होता हे मान्य केलं. ते बरं केलं. कारण बाहेर सगळीकडे चेनीचा तो फंबलच फिरत होता, आणि हा पोरगा गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून परत उभा राहिलेला. त्याला सांगितलं बॉल घेऊन पळ, तो पळला. जास्तीचे दोन यार्ड काढायला धडपडला कारण आयुष्यभर त्याला तेच शिकवलंय. त्याच्यावर खापर फोडणं मला अजिबात पटत नाही.

पण हेही सांगायला पाहिजे की त्या रात्रीची मायामीची एकूण मॅच काही फार स्वच्छ नव्हती. क्वार्टरबॅक टायलर व्हॅन डाइकने तीन इंटरसेप्शन दिले होते, म्हणजे त्याचे तीन पास समोरच्यांनी पकडले होते, एकूण पाच वेळा बॉल समोरच्याला दिला होता. आणि नेमकी म्हणूनच गोष्ट अजून स्पष्ट होते, की ज्या दिवशी तुमच्या हातात बॉल टिकत नाहीये त्या दिवशी तर शेवटी बॉल कुणाच्याच हातात द्यायचा नाही.

मग हे झालं कसं? क्रिस्टोबाल कोण आहेत ते बघा. स्वतः मायामीचे, मायामी युनिव्हर्सिटीकडून ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बॉलवाल्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या फळीत, खेळलेले, 1989 आणि 1991 च्या नॅशनल चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या टीममध्ये होते. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना ऑरेगन युनिव्हर्सिटीहून परत घरी आणलं, दहा वर्षांचा आणि साधारण 8 कोटी डॉलरचा करार. लाइनवर वाढलेला माणूस आहे, समोरच्याला ढकलत न्यायचं, शेवटची चार मिनिटं बॉल पळवून पळवून समोरच्याचा जीव काढायचा, आणि शेवटचा फर्स्ट डाऊन घेऊन मॅच बंद करायची, ही त्या शाळेची शिकवण. आणि ही शिकवण वाईट नाही. चार मिनिटं बाकी असताना आणि समोरच्याकडे तीन टाइमआऊट असताना तेच करायचं असतं, तिथे फर्स्ट डाऊन म्हणजेच विजय. प्रॉब्लेम असा की फर्स्ट डाऊन हे साधन आहे, आणि चार मिनिटं त्याच साधनाच्या मागे लागलं की कुठल्या सेकंदाला त्याची गरज संपली हे लक्षातच येत नाही. तिसरा डाऊन आणि दहा यार्ड असं बोर्डावर दिसलं की डोकं आपोआप दहा यार्ड कसे काढू याकडे जातं. बोर्डावर घड्याळ पण असतं, पण त्याच्याकडे बघायची सवय वेगळी लावायला लागते.

आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा झालेलं नव्हतं. 22 सप्टेंबर 2018, ऑरेगनचे हेड कोच असताना, युजीनमध्ये ऑट्झन स्टेडियमला, स्टॅनफर्डविरुद्ध. हाफटाइमला ऑरेगन 24-7 ने पुढे, शेवटी 31-28. मिनिटभर उरलेलं असताना रन, सी. जे. व्हर्डेलचा फंबल, 51 सेकंद बाकी. स्टॅनफर्डने फील्ड गोल मारून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये 38-31 ने मॅच नेली. तिथला हिशोब मायामीइतका स्वच्छ नव्हता, त्यामुळे त्या दोन्ही निर्णयांना एकाच मापाने मोजणं बरोबर होणार नाही असं मी म्हणेन. पण एकदा असा चटका बसल्यावर माणसाने घरी येऊन तक्ता भिंतीवर लावायला पाहिजे होता, एवढं म्हणायचा हक्क कुठल्याही प्रेक्षकाला आहे.

तक्ता म्हणजे काय ते पण सांगतो, कारण हा काही गुप्त फॉर्म्युला नाही. पहिला डाऊन मिळाला आणि समोरच्याकडे एकही टाइमआऊट नाही, तर तीन वेळा गुडघा टेकून प्रत्येकी चाळीसेक सेकंद आणि वर थोडं, म्हणजे साधारण दोन मिनिटं घालवता येतात. समोर एक टाइमआऊट असेल तर त्यातले चाळीस गेले, सव्वा मिनिटाच्या आसपास. दोन असतील तर चाळीसएक सेकंद. तिन्ही असतील तर जवळजवळ काहीच नाही, तिथे गुडघा विसरा आणि खरंच फर्स्ट डाऊन काढा. दुसऱ्या डाऊनपासून मोजताय तर त्यातून एक प्ले वजा. तिसऱ्या डाऊनला, समोर शून्य टाइमआऊट, घड्याळ 40 च्या खाली, तर एक गुडघा आणि घरी. मायामी याच शेवटच्या खान्यात बसली होती, अगदी सात सेकंद शिल्लक ठेवून.

एवढा छोटा तक्ता आहे की तो क्वार्टरबॅकच्या मनगटावरच्या पट्टीवर छापता येईल. माझं म्हणणं असं आहे की हा निर्णय त्या क्षणी घ्यायचाच नसतो. हेडसेटवर डझनभर आवाज, ऐंशी हजारांचा नसला तरी कान बसवणारा गोंगाट, प्ले क्लॉक उतरतोय, त्यात विचार करायला गेलं की सवयच जिंकते. म्हणून एक माणूस असा पाहिजे ज्याचं शेवटच्या तीन मिनिटांत दुसरं काहीही काम नाही, फक्त घड्याळ, टाइमआऊट आणि डाऊन, आणि त्याने गुडघा म्हटलं की विषय संपला, हेड कोचनेही त्यावर चर्चा करायची नाही. बऱ्याच टीमकडे गेम मॅनेजमेंट बघणारे लोक असतात, पण त्यांचा आवाज सल्ला म्हणून येतो आणि सल्ला न ऐकायची मुभा असते. इथे ती मुभा काढून घ्यायला पाहिजे. क्वार्टरबॅकलाही ती ताकद द्यायला हवी, साइडलाइनवरून रन आला आणि त्याला हिशोब माहीत असेल तर त्याने सरळ गुडघा टेकावा, कुणीही त्याला ओरडणार नाही हे ऑगस्टमधल्या प्रॅक्टिसलाच सांगून ठेवायचं.

हे नवीन शहाणपण आहे असंही नाही. 19 नोव्हेंबर 1978 ला न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमला एनएफएलची मॅच होती, जायंट्स 17, ईगल्स 12, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, ईगल्सकडे टाइमआऊट नाही. जायंट्सच्या क्वार्टरबॅकने, जो पिसारचिकने, आधी एकदा गुडघा टेकला होता, पण नंतर वरून हँडऑफचा, म्हणजे बॉल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, कॉल आला, प्लेआधीच्या घोळक्यातले खेळाडू नको नको म्हणत असताना. लॅरी झोंकाला बॉल देताना तो सटकला, ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने उचलला आणि 26 यार्ड पळून टचडाउन, 19-17. तो कॉल देणारे को-ऑर्डिनेटर बॉब गिब्सन दुसऱ्याच दिवशी नोकरीतून गेले. व्हिक्टरी फॉर्मेशन सगळीकडे रुजलं ते त्यानंतरच, पार मागे उभा राहणारा तो एकटा माणूस त्या मॅचची देणगी. त्या आधी गुडघा टेकणं थोडं भित्रेपणाचं समजलं जायचं. 2023 मध्ये मात्र कुणी भित्रं म्हणणार नव्हतं, प्रेक्षक पण आनंदाने टाळ्या वाजवत घरी गेले असते.

घड्याळ पाठ असणारा कोच काय करू शकतो याचं दुसऱ्या टोकाचं उदाहरण 12 ऑक्टोबर 2024 चं, ऑरेगन विरुद्ध ओहायो स्टेट, पुन्हा युजीनलाच. ऑरेगन 32-31 ने पुढे, 10 सेकंद बाकी, बॉल ओहायो स्टेटकडे आणि त्यांना फील्ड गोलसाठी अजून थोडे यार्ड हवेत. ऑरेगनने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. पास अडला, दंड फक्त पाच यार्डांचा, पण त्या प्लेमध्ये 4 सेकंद गेले ते गेलेच, उरले 6. पुढच्या प्लेला ओहायोचा क्वार्टरबॅक पळाला, घसरून खाली बसला तोवर घड्याळ शून्य. डॅन लॅनिंग या ऑरेगनच्या कोचनी नंतर सूचित केलं की हे ठरवून होतं, आणि काही दिवसांतच नियमाचा अर्थ बदलून ती पळवाट बंद केली गेली, आता अशा वेळी समोरच्याला गेलेला वेळ परत मागता येतो. हे मला नैतिकदृष्ट्या फार आवडलं असं नाही, पण त्या साइडलाइनवर कुणीतरी 10 सेकंद म्हणजे नेमके किती प्ले हे बोटांवर मोजत होतं हे नक्की.

2024 पासून कॉलेजमध्ये टू-मिनिट टाइमआऊट पण आलाय, म्हणजे दोन मिनिटं उरली की घड्याळ आपोआप थांबतं, दोन्ही टीमना फुकट. त्यामुळे वरचा तक्ता थोडा हलतो. पहिला डाऊन दोन मिनिटं दहा सेकंदांना मिळाला असेल तर समोरच्याला न मागता एक थांबा मिळालाय असं धरून मोजायचं, आणि म्हणून जुना तक्ता तसाच लॅमिनेट करून ठेवलेल्यांनी तो नव्याने करावा.

मायामीचं पुढे काय झालं, तर पुढच्याच आठवड्यात नॉर्थ कॅरोलिनाकडे 41-31 ने हरले, सीझन 7-6 वर, म्हणजे 7 जिंकून 6 हरून, संपला. टेकही 7-6 वरच थांबली, पण त्यांच्या लेखी ते वर चढणं होतं, कोच ब्रेंट की यांचं पहिलं पूर्ण वर्ष, आणि शेवटी गॅस्परिला बोल या सीझनअखेरच्या मॅचमध्ये यूसीएफ युनिव्हर्सिटीला 30-17 ने हरवून. अटलांटातल्या आपल्या मराठी मंडळींत टेकला शिकणारी पोरं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी ती मायामीची रात्र कायमची झाली.

आणि 9 नोव्हेंबर 2024 ला हेच दोघं पुन्हा समोर आले, यावेळी अटलांटात. मायामी 9-0, टेकने 28-23 ने हरवलं. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल पुन्हा मायामीच्याच हातून सुटला, क्वार्टरबॅक कॅम वॉर्डला मागून मारून बॉल पाडला. पण यावेळी निर्णयाला कुणी नावं ठेवली नाहीत आणि ठेवायला नकोच होती, कारण मायामी पाच पॉइंटने मागे होती, टचडाउन लागणारच होता, आणि त्यासाठी क्वार्टरबॅकला बॉल हातात घेऊन मागे उभं राहणं भागच होतं.